ती गिफ्ट, ते गिफ्ट

एक विनोद आहे. दर पाच-सहा महिन्यांनी तो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर नव्याने उगवतो, आणि पाठवणारे गृहस्थ (गृहस्थच असतात, आजवर एकाही गृहिणीने मला तो पाठवलेला नाही) तो जगात पहिल्यांदा आपल्यालाच सापडल्याच्या थाटात पाठवतात. विनोद असा: स्वीडिश भाषेत 'गिफ्ट' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, 'विष' आणि 'लग्न झालेला'. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार पिवळे चेहरे. त्याखाली ठरलेलं तात्पर्य: "पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!" मग बाकीचे काका, मामा, भावोजी अंगठे दाखवून मोकळे होतात.

आता मंडळी, विनोदावर माझा राग नाही. बायकोवरचे विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत आणि माझ्या एका लेखाने ते थांबतील एवढा गैरसमज मला नाही. माझं भांडण आहे त्या तात्पर्याशी. शब्दाच्या पोटात पूर्वजांचं शहाणपण दडलेलं असतं, मुळाशी गेलं की 'खरा' अर्थ हाती लागतो, ही जी समजूत आहे ना, तिच्याशी. आणि त्याहून मोठं भांडण या गोष्टीशी आहे की 'गिफ्ट'च्या मुळाशी खरंच जे आहे त्यावर हसू येत नाही, आणि विनोद नेमकं तेच झाकून टाकतो.

आधी विनोदातली माहिती तपासू. ती खरी आहे. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन या तिन्ही भाषांत 'गिफ्ट' म्हणजे विषही आणि विवाहितही. (स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोक त्याचा उच्चार 'यिफ्ट'च्या जवळ जाणारा करतात, ते जरा बाजूला ठेवू, पुढे कामाला येईल.) जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे फक्त विष. तिथे दुकानात जाऊन मुलाच्या वाढदिवसासाठी गिफ्ट मागू नये. डचमध्ये दोन्ही आहेत, 'गिफ्ट' म्हणजे देणगी आणि 'गिफ' म्हणजे विष. इंग्रजीत नुसती भेट. आणि तिकडे आइसलँडमध्ये 'गिफ्तुर' म्हणजे लग्न झालेला, 'गिफ्ता' म्हणजे सुदैव, पण विषाला मात्र वेगळाच शब्द, 'एयतुर'.

सात सख्ख्या भाषा, एक शब्द, अर्थ मात्र भेट, देणगी, सुदैव, लग्न आणि विष. मूळ सगळ्यांचं एकच आणि अगदी साधं: 'देणे'. इंग्रजी 'गिव्ह', जर्मन 'गेबेन', डच 'गेव्हन' या क्रियापदांना शेवटी 'त' लावून केलेलं नाम. 'देणे'पासून 'देणगी' व्हावी तसं. बस्स, एवढंच. त्यात लग्नाबद्दल काही नाही, विषाबद्दल काही नाही, पूर्वजांचा कुठलाही अनुभव नाही.

(कुणीतरी लगेच म्हणणार, "म्हणजे संस्कृतातूनच आलं असणार." नाही हो. 'गिफ्ट' संस्कृतातून आलेला नाही. संस्कृतचा यात एक दूरचा नातेवाईक आहे, पण तो दुसऱ्याच दारातून आत येतो. दम धरा.)

तर 'देणे' या एका शब्दाला दोन वाटा फुटल्या. एक लग्नाची, दुसरी विषाची. या दोन वाटा वेगळ्या काळात, वेगळ्या कारणांनी, वेगळ्या माणसांनी पाडल्या. विनोद त्यांना एकमेकींवर आणून आदळतो आणि म्हणतो, बघा, अपघात नाही हा!

पहिली वाट लग्नाची, आणि ती फार जुनी आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचं गॉथिक भाषेत भाषांतर केलं. त्यात मेरीचं योसेफशी लग्न ठरलेलं होतं हे सांगताना त्याने याच 'गिफ्ट'ला उपसर्ग लावून केलेला शब्द वापरलाय. म्हणजे मेरी 'देऊ केलेली' होती. जुन्या इंग्रजीत तर 'गिफ्ट' म्हणजे वाढदिवसाची भेट नव्हतीच मुळी. त्याचा अर्थ होता नवऱ्या मुलाकडून वधूच्या घरी दिली जाणारी रक्कम, आणि अनेकवचनात वापरला की सरळ लग्न. आपल्याकडे काही आदिवासी समाजांत 'देज' असतं ना, मुलाकडून मुलीकडच्यांना, तेच हे. सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा इने याने कायदे केले, त्यात एक कलम आहे: एखाद्याने बायको विकत घेतली आणि पुढे 'गिफ्ट' झालंच नाही, तर घेतलेले पैसे परत करावेत आणि वर तेवढेच भरावेत. 'विकत घेतली' हा शब्द माझा नाही, कायद्यातला आहे.

आज इंग्रजीत जो 'गिफ्ट' आपण ऐकतो, त्यातला कडक 'ग'सुद्धा घरचा नाही. जुन्या इंग्रजीत या जागी 'य'सारखा उच्चार होता. सरळ रेषेत वाढला असता तर आज आपण 'बर्थडे यिफ्ट' म्हणालो असतो. इंग्लंडात येऊन राहिलेल्या व्हायकिंग लोकांच्या तोंडी 'ग' होता, तो इंग्रजीने उचलला आणि त्यांच्याच शब्दातला 'भेट' हा अर्थही घेतला. गंमत म्हणजे ज्या स्कँडिनेव्हियाने इंग्रजांना 'ग' दिला, त्याच स्कँडिनेव्हियातले स्वीडिश आणि नॉर्वेजियन पुढे स्वतः 'यिफ्ट' म्हणायला लागले. शब्दांचा वंश शुद्ध ठेवू पाहणाऱ्यांनी ही गोष्ट लिहून ठेवावी.

स्वीडनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विवाहित का, याचं उत्तर आता सोपं आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ 'मुलगी देणे'. ज्याला मुलगी देण्याचा हक्क तो 'यिफ्टोमान', म्हणजे बाप, आणि बाप नसेल तर भाऊ वा दुसरा कुणी पुरुष नातेवाईक. हा दंतकथेतला प्राणी नाही, स्वीडनच्या १७३४ च्या कायद्यात लग्नाच्या प्रकरणात तो बसलेला आहे. लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या पालकत्वातून मोकळं करणारा विवाह कायदा तिथे आला १९२० साली. म्हणजे 'गिफ्ट' या विशेषणाचा मूळ अर्थ 'दिलेली'. पुरुषाला ते विशेषण नंतर चिकटलं. जर्मनमध्ये तर मूळ अर्थ एका सामासिक शब्दात अजून जिवंत आहे: 'मिटगिफ्ट', शब्दशः 'बरोबर दिलेलं', म्हणजे मुलीबरोबर पाठवलेला हुंडा.

आता सांगा, ज्या शब्दाचा अर्थ 'बापाने देऊन टाकलेली बाई' असा होता, त्यावरून लग्नाने पुरुषाचं कसं वाट्टोळं होतं हा विनोद करायचा? दिलेली ती, आणि रडतोय हा!

दुसरी वाट विषाची. ही औषधाच्या दुकानातून जाते. ग्रीक वैद्य औषधाच्या एका वेळच्या मात्रेला 'डोसिस' म्हणत, म्हणजे 'देणं'. हा शब्द लॅटिनमध्ये गेला, वैद्यकाच्या पोथ्यांमधून युरोपभर पसरला. जर्मन भाषकांनी त्याचं सरळ भाषांतर केलं, 'देणं' म्हणजे 'गिफ्ट'. वैद्याने दिलेली मात्रा ती गिफ्ट. आणि मात्रा जपून द्यायची गोष्ट असते. हळूहळू 'त्याला मात्रा दिली' याचा अर्थ जो व्हायचा तोच झाला. उत्तरेकडच्या भाषांनी हा अर्थ जर्मनांकडून उसना घेतला, आणि घरात आधीच असलेल्या 'दिलेली'शेजारी नेऊन ठेवला. विनोदाची सामग्री अशी दोन गावांहून गोळा झालेली आहे.

जर्मनमध्ये काही काळ दोन्ही अर्थ शेजारी नांदले. फरक लिंगाचा: स्त्रीलिंगी असेल तर भेट, नपुंसकलिंगी असेल तर विष. 'ती गिफ्ट' आणि 'ते गिफ्ट'! पुढे 'ती' मागे पडली आणि 'ते' उरलं. ('मिटगिफ्ट' मात्र अजून स्त्रीलिंगीच.) आपल्याकडे 'गिफ्ट दिली' म्हणणारे आणि 'गिफ्ट दिलं' म्हणणारे असे दोन पंथ आहेतच. दुसऱ्या पंथाने जर्मनीत जरा जपून राहावं :-)

मघाशी म्हटलेला दूरचा नातेवाईक इथे भेटतो. ग्रीक 'डोसिस' आणि संस्कृत 'दान' ही सख्खी चुलत भावंडं, एकाच 'दा' धातूची. दोघांपैकी कुणीच कुणाचा बाप नाही. म्हणजे आपण पोलिओचा डोस म्हणतो किंवा थोरली माणसं उपदेशाचे डोस पाजतात तेव्हा 'दान'च नव्या कपड्यांत आलेलं असतं. आणि 'विष'? त्याचं लॅटिन भावंड म्हणजे 'व्हायरस'. आता बोला.

या विषाच्या वाटेवर एका मोठ्या माणसाने हरकत घेतली होती. मार्सेल मॉस हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. १९२४ साली त्याने 'गिफ्ट, गिफ्ट' अशा नावाचा एक छोटा लेखच लिहिला, आणि पाठोपाठ भेटवस्तूंवरचा त्याचा प्रसिद्ध निबंध आला. त्याचं म्हणणं असं की जुन्या जर्मानिक समाजात भेट म्हणजे मुख्यतः एकत्र बसून प्यायचं पेय. समोरच्याने भरून दिलेल्या प्याल्यात काय आहे याची खात्री नसते, आणि भेट घेतली की माणूस बांधला जातो. म्हणून भेट आणि विष एकाच शब्दात आली. 'डोसिस'च्या भाषांतराची गोष्ट त्याला पटेना. रोजच्या वापरातल्या वस्तूला सामान्य लोक पंडिती शब्द कशाला लावतील, असा त्याचा सवाल.

मॉसचा निबंध फार मोठा आहे, भेट कधीच फुकट नसते हे त्याच्याइतकं नीट कुणी दाखवलं नाही. पण या मुद्द्यावर त्याने महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात दोन दिवस काढायला हवे होते. 'डोस' हा ग्रीक पंडिती शब्द आपल्याकडे अक्षर न शिकलेल्या आजीच्या तोंडात आहे. वैद्यकातले शब्द सगळ्यात आधी झिरपतात, कारण आजार आणि भीती सगळ्यांना असते.

आणि भीती असली की माणूस खरं नाव घेत नाही. जर्मानिक भाषांत विषाला एक जुना, स्वतःचा शब्द होता. आइसलँडिक 'एयतुर' तोच. जुन्या इंग्रजीत तो 'आटोर' होता. डॅनिशमध्ये कोळ्याला 'एडरकोप' म्हणतात, त्यातला 'एडर' म्हणजे हेच विष. इंग्रजी 'कॉबवेब'मधला 'कॉब' हा तशाच एका जुन्या इंग्रजी शब्दाचा उरलेला तुकडा. जर्मनमध्ये हा शब्द 'आयटर' झाला आणि पुवावर भागवू लागला. त्याच्या गादीवर कोण बसलं? जर्मनमध्ये 'देणं'. इंग्रजीत 'पॉयझन', ज्याचा लॅटिनमधला मूळ अर्थ नुसता 'पेय'. कुणालाही विषाला विष म्हणायचं नव्हतं. "त्याला पेय दिलं", "त्याला मात्रा दिली". किती सभ्य!

हे परक्यांचं वाटत असेल तर आपलं ऐका. दुकान बंद करत नाही, वाढवतो. अंगावर फोड उठवून माणसं मारणाऱ्या रोगाला आपण 'देवी' म्हटलं. चोप दिला की 'प्रसाद' दिला, आणि आपल्याच माणसाने चारचौघांत काढलेली लाज म्हणजे 'घरचा आहेर'. भेटीचा शब्द घ्यायचा आणि त्याखाली घाव लपवायचा, यात मराठीला कुणा जर्मनाकडून शिकायची गरज नाही.

आणि सगळ्यात जिवावरचं उदाहरण शेतातलं. पिकावर मारायच्या कीटकनाशकाला आपण काय म्हणतो? औषध. "कपाशीवर औषध मारायचंय", "औषधाची बाटली खोलीत ठेव". बाटलीवर रंगीत त्रिकोण छापलेला असतो, तांबडा असेल तर सगळ्यात जहाल. पण घरात, दुकानात, बांधावर शब्द चालतो तो 'औषध'. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्याला कारणं पुष्कळ होती, नुसता शब्द नव्हता, एवढं मलाही कळतं. पण रोज उघड्या हातांनी, तोंडाला काही न बांधता ज्याच्याशी व्यवहार करायचा, त्याचं नाव 'औषध' असणं हे मदतीचं नक्कीच नाही. आणि वर्तमानपत्रात येतं 'विषारी औषध प्राशन केले'. 'प्राशन'! हे दोन शब्द शेजारी कसे बसतात हे आपल्याला खटकतसुद्धा नाही. जर्मन 'गिफ्ट'वर हसण्याआधी हे वाचावं.

आता पहिल्या वाटेकडे परत, कारण काका-मामा मंडळी अजून इथे असतील अशी आशा आहे. रागावू नका, पण एक विचारते. आपल्या घरात मुलींच्या लग्नाबद्दल कसं बोलतो आपण? "थोरली कुठं दिली?" "सांगलीला." "आणि धाकटी?" "तिला अजून द्यायचीय." मुलगा कुठे दिला असं कुणी विचारत नाही. मुलगा 'दिला' तर तो दत्तक, आणि 'दत्तक' याचाही अर्थ 'दिलेला'च. म्हणजे मुलगा दिला तर त्याच्यासाठी वेगळा विधी, वेगळा कायदा, वेगळा शब्द. मुलगी दिली तर ते नेहमीचं लग्न, त्यात कन्यादान. स्वीडिश माणसाच्या 'गिफ्ट'मधलं 'दिलेली' आता बुजून गेलंय, त्याला ते ऐकू येत नाही. आपल्याला तर साध्या चालू मराठीत ऐकू येतं, रोज. आणि आपण हसतो कुणाला? स्वीडिश शब्दकोशाला.

'मिटगिफ्ट'चंही तेच. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा ठरवलं. पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार, मागणी न करता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीच्या बेताने दिलेल्या भेटींना त्यात सूट आहे, त्यांची यादी मात्र ठेवायची. तेव्हापासून हुंडा नाहीसाच झाला बघा! आता सगळी गिफ्टच असते. "आम्ही काही मागितलं नाही हो, त्यांनी हौसेने दिलं." गाडी हौसेने, फ्लॅटचे पैसे हौसेने, पाच तोळे हौसेने. यादी मात्र कुणीच करत नाही, कारण भेटीची यादी करणं कसं दिसतं!

इथे कुणी म्हणेल, मगाशी तूच म्हणालीस की मूळ अर्थ म्हणजे खरा अर्थ नव्हे, आणि आता तूच मुळं उकरून आम्हाला झोडपतेस. रास्त आहे. पण मी मुळावरून निकाल देत नाही. स्वीडनमधली बाई आज 'गिफ्ट' आहे म्हणजे तिला कुणी देऊन टाकलेलं नाही. शब्द तोच राहिला, कायदा बदलला, घर बदललं, आणि त्यांच्याबरोबर अर्थ बदलला. शब्दाच्या मुळाने तिला अडवलं नाही. तसंच आपल्या 'दिली'चंही होऊ शकतं. उद्या 'सांगलीला दिली' हे 'सांगलीला राहते' इतकं निरुपद्रवी होईल, नाही असं नाही. पण त्यासाठी आधी व्यवहार बदलावा लागतो. व्यवहार तोच ठेवून शब्द तेवढा गोड करायचा, हुंड्याला गिफ्ट आणि विषाला औषध म्हणायचं, हे उलटं काम आहे. त्याने फक्त देणाऱ्या-घेणाऱ्यांना झोप नीट लागते.

व्युत्पत्ती मला आवडते ती एवढ्याचसाठी. तिच्यात शहाणपण नसतं, पण जुन्या पावत्या असतात. कोणी, कोणाला, काय, केवढ्याला दिलं, ते त्यात दिसतं.

तेव्हा भावोजी, तो विनोद पुन्हा आला तर जरूर पाठवा. फक्त सोबत यादी जोडा, तुमच्या लग्नात आमच्या बाबांनी 'हौसेने' काय काय दिलं होतं त्याची. बाबांनी केली नव्हती, पण आईला पाठ आहे.